रंगाचा डबा उघडण्याआधी स्पिरिटचा बोळा फिरवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दसरा जवळ आला की ‘जुन्या फर्निचरला नवं रूप द्या’ अशा सूचना सगळीकडून येऊ लागतात. बहुतेकांचं सार एकच असतं: पॉलिश पेपरने घासा, वर पांढरा नाहीतर निळसर रंग मारा, मुठी बदला. प्लायवूडच्या कपाटाला हे चालून जातं, कारण तिथे गमावण्यासारखं फारसं काही नसतं. सागवानी आरामखुर्चीला हाच सल्ला लावला की खुर्ची कायमची बिघडते.

जुन्या सुतारकामात तीन गोष्टी अशा असत की त्या पुन्हा सोडवता येत. सांध्यातला सरस, म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांचा गोंद, गरम पाण्याने सुटतो. वरचं चपड्याचं, म्हणजे लाखेचं, पॉलिश स्पिरिटने विरघळतं. बसायची वेताची जाळी कापून नवी विणता येते. म्हणून साठ-सत्तर वर्षांची खुर्ची आजही उघडून, पुसून पुन्हा बांधता येते. तिच्यावर ऑइलपेंट चढला, सांध्यात स्क्रू गेला आणि वेताच्या जागी प्लायचा तुकडा ठोकला, की पुढच्या माणसाला ती उघडता येत नाही. जुनं विकत घेताना आणि दुरुस्त करताना हा एक मुद्दा धरून ठेवला तर कुठे पैसे घालायचे आणि कुठे हात आवरायचा हे कळत जातं. त्यासाठी हे जरा लांबलेलं पत्र.

आधी शोधाशोध. पुण्याचा जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. तिथे मोठ्या फर्निचरपेक्षा कड्या, कोयंडे, बिजागऱ्या, पितळी मुठी या गोष्टींसाठी जावं. मुंबईत मटण स्ट्रीटचा चोर बाजार नावाजलेला आहे आणि तिथले भावही त्या नावाला साजेसे असतात. जोगेश्वरीला ओशिवऱ्याच्या बाजारात पलंग, कपाटं, दारं यांचा ढीग मोठा, पण तिथे ‘जुनं’ आणि ‘जुन्यासारखं केलेलं’ खांद्याला खांदा लावून उभं असतं. गोव्यात आणि तळकोकणात जुन्या घरांतून वेताच्या पाठीच्या शिसवी खुर्च्या अजून निघतात. खरा चांगला माल मात्र बाजारात पोचण्याआधीच मिळतो. वाडा पाडायला काढतात तेव्हा, सोसायटी पुनर्विकासाला जाते तेव्हा, एखादं ग्रंथालय किंवा शाळा जुनी बाकं, मेजं, कपाटं लिलावात काढते तेव्हा. घर रिकामं करायच्या शेवटच्या आठवड्यात मालकाला किमतीपेक्षा ‘आज उचलून न्या’ हे जास्त महत्त्वाचं असतं. आसपास पुनर्विकास चालू असेल तर तिथल्या वॉचमनकडे निरोप ठेवणं हे कुठल्याही ॲपपेक्षा कामाचं.

पाहायला जाताना टॉर्च, टेप, दाभण, लोहचुंबक, पांढरं फडकं आणि छोट्या बाटलीत पॉलिशवाले वापरतात ते स्पिरिट बरोबर असावं. वस्तू आधी उलटी करा. दुकानदार वरून तेलाचा हात फिरवतो, खालून कोणी फिरवत नाही, त्यामुळे खरं लाकूड, खरा रंग आणि आधी झालेल्या दुरुस्त्या खालीच दिसतात. खुर्चीच्या पाठीला आणि बैठकीला धरून तिरकं हलवा. चारही सांधे थोडेथोडे हलत असतील तर भिण्याचं कारण नाही, नुसता सरस मेला आहे. एकच सांधा खूप हलतो आणि बाकीचे घट्ट आहेत असं असेल तर तिथे कुसू (खोबणीत बसणारं लाकडाचं टोक) तुटलेला असण्याची शक्यता जास्त, आणि ते काम मोठं. सांध्याच्या आसपास लोखंडी पट्टी, एल-अँगल किंवा लांब स्क्रू दिसले तर आत लाकूड चिरलेलं असणार असं धरूनच भाव करा. ड्रॉवर पूर्ण बाहेर काढून तळाची फळी, मागची बाजू आणि ज्या पट्टीवर तो सरकतो ती पट्टी पाहा. झिजलेली पट्टी बदलणं सोपं असतं, मात्र ड्रॉवरचे सांधेच सुटून वर खिळे ठोकलेले असतील तर वेळ लागतो. मुठीला चुंबक लावा. चिकटलं तर ते पितळ नव्हे, लोखंडावर चढवलेला मुलामा.

कीड दोन प्रकारची, आणि दोन्हींचं दुखणं वेगळं. वाळवी मातीच्या नळ्या करून आत शिरते आणि वरचा पातळ पापुद्रा शाबूत ठेवून आतून पोकळ करते. दाभण टोचल्यावर ते लोण्यात गेल्यासारखं शिरत असेल तर तो भाग कापून काढण्यावाचून इलाज नाही. दुसरी कीड बारीक, टाचणीच्या डोक्याएवढी गोल छिद्रं पाडते. छिद्रं जुनी की चालू, हे ओळखायला वस्तूखाली काळा कागद ठेवून दोन-तीन दिवस वाट पाहावी. मैद्यासारखा ताजा पांढुरका भुसा पडला तर कीड जिवंत आहे. ही कीड सागाच्या गाभ्याला सहसा लागत नाही. सालीलगतचा जो फिकट पांढरा भाग असतो त्याच्यावर ती जगते. म्हणून एकाच खुर्चीचे तीन पाय ठणठणीत आणि चौथा चाळणी, असं दिसतं. त्या चौथ्या पायात सुताराने कच्चा भाग वापरलेला असतो. उपाय म्हणून छिद्रांत सिरिंजने लाकडाचं कीडनाशक भरावं, वस्तू प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आठवडाभर ठेवावी आणि मग छिद्रं मेणाने बुजवावी. बुजवलेलं छिद्र पुन्हा उघडलं किंवा शेजारी नवं पडलं तर लगेच कळतं. पॉलिश उतरवून लाकूड उघडं केलंच असेल तर 1 लिटर गरम पाण्यात 60 ग्रॅम बोरॅक्स आणि 40 ग्रॅम बोरिक पावडर विरघळवून ब्रशने दोन हात द्यावेत. पॉलिशवरून लावलं तर ते आत शिरतच नाही. रॉकेल ओतण्याची जुनी सवय मात्र सोडावी. ते उडून जातं, वास महिनोन्‌महिने राहतो आणि वर पॉलिश धरत नाही.

ढेकणांबद्दल लोक विचारायला लाजतात. पलंग घेताना खुरांचे सांधे, निवारीच्या घड्या आणि स्क्रूची भोकं टॉर्चने पाहा. शाईच्या टिंबांसारखे काळे डाग एका ओळीत दिसले तर तो पलंग गाडीतही चढवू नका. गादी, उशी, गुबगुबीत सोफा या गोष्टी जुन्या घेऊच नयेत. सोफ्याचा सांगाडा चांगला असेल तर कापड, फोम, पट्टे सगळं दुकानाबाहेरच फाडून टाकून नुसता सांगाडा घरी आणावा.

लाकूड कोणतं, हा प्रश्न बहुतेक वेळा वजनाने सुटतो. वाळलेल्या सागाचं वजन घनफुटाला साधारण 18 किलो भरतं, शिसवीचं 24 किलोच्या आसपास. खालच्या बाजूला पटाशीने नखभर खरवडलं की साग सोनेरी दिसतो, हाताला किंचित तेलकट लागतो आणि जुन्या चामड्यासारखा वास येतो. शिसवी जांभळट तपकिरी दिसते. काळा रंग फासून केलेली ‘शिसवी’ ओळखायला स्पिरिटचं फडकं कोपऱ्यात घासा. चपडा असेल तर फडक्याला मधासारखा तांबूस रंग येईल, नुसता रंग असेल तर काजळी येईल. फळीच्या कडेकडे पाहणंही महत्त्वाचं. वरच्या रेषा कडेवरून खाली उतरत असतील तर ती अख्खी फळी. रेषा कडेपाशी तुटून तिथे पट्टी चिकटवलेली असेल तर आत प्लाय आणि वर सागाचा पापुद्रा.

वाड्याचं लाकूड घेणाऱ्यांनी घनफुटाचा हिशोब स्वतः करावा. जाडी इंचांत, रुंदी इंचांत, लांबी फुटांत, तिन्हींचा गुणाकार भागिले 144. म्हणजे 6 बाय 4 इंचाची 10 फुटी तुळई 240 भागिले 144, म्हणजे 1.67 घनफूट, वजन तीस किलोच्या आसपास. विक्रेता मोजतो ते अख्ख्या तुळईचं माप. तुम्हाला वापरता येतं ते खिळे काढून, कुजलेली टोकं आणि जुन्या खोबणी कापून उरलेलं. पाव ते एक तृतीयांश भाग घटीत जातो असं धरून भाव करावा. खिळे राहिले तर रंध्याचं पातं पहिल्याच झटक्यात जातं, म्हणून यंत्रावर चढवण्याआधी तुळईच्या चारही बाजूंवरून चुंबक फिरवायलाच हवं. हे लाकूड घेण्यात शहाणपण आहे, कारण ते दशकानुदशकं वाळून स्थिर झालेलं असतं. शिवाय म्यानमारने 1 एप्रिल 2014 पासून ओंडक्यांची निर्यात बंद केल्यापासून ‘बर्मा टीक’ हे नाव जुन्या तुळयांवरच जास्त शोभतं.

‘शंभर वर्षांचं आहे साहेब’ या वाक्याची किंमत मोजण्याआधी स्क्रू पाहा. अधिक चिन्हाच्या खाचेचे स्क्रू 1930 च्या दशकानंतर प्रचारात आले. तशा स्क्रूंनी मूळ बिजागरी बसवलेली असेल तर एकतर वस्तू तेवढी जुनी नाही किंवा बिजागरी बदललेली आहे. झीजही जिथे हात लागतो तिथेच हवी: खुर्चीच्या हातांच्या टोकांना, ड्रॉवरच्या खालच्या कडेला, मेजाच्या पाय टेकायच्या दांडीवर. सगळीकडे सारखी झीज म्हणजे साखळीने ठोकून आणलेली. आणि वस्तू खरंच शंभर वर्षांची असेल तर परदेशातल्या मुलाकडे पाठवायच्या आधी थांबा. 1972 च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. कोरीव दार किंवा देव्हारा त्याहून नवा असला तरी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून तो पुरावस्तू नसल्याचा दाखला आधीच घेतलेला बरा. कंटेनर भरल्यावर घाई उपयोगाची नाही.

आता सैल सांध्याचं काम. सुतार बोलावला की तो सहसा फटीत फेव्हिकॉल ओततो आणि वरून स्क्रू मारतो. दोन महिने खुर्ची कुरकुरत नाही. मग ती जास्त जोरात हलते, कारण जुन्या सरसाच्या थरावर पांढरा गोंद चिकटत नाही आणि स्क्रूने कुसू उभा चिरलेला असतो. बरोबर रीत अशी. आधी प्रत्येक भागावर मास्किंग टेप लावून क्रमांक लिहा, डावा पुढचा पाय आणि उजवा पुढचा पाय सारखे दिसत असले तरी प्रत्येकाचा कुसू आपापल्या खोबणीलाच बसतो. सांध्यात आरपार बांबूची किंवा लाकडाची खुंटी आहे का ते पाहा आणि असेल तर ती बारीक टोकाच्या बाजूने ठोकून बाहेर काढा. खुंटी न काढता ओढाओढ केली की खोबणीचा गाल फुटतो. मग सांध्यावर गरम पाण्यात पिळलेलं फडकं पाच-सात मिनिटं धरा आणि रबरी हातोडीने, आड फळी ठेवून, हळूहळू सोडवा. कुसवावरचा आणि खोबणीतला सरस गरम पाणी आणि जुना टूथब्रश यांनी धुऊन काढा. तो पॉलिश पेपरने घासायचा नाही, कारण कुसू अर्धा मिलिमीटर बारीक झाला तरी सांधा पुन्हा ढिला. दोन दिवस सावलीत वाळू द्या.

नंतर गोंद न लावता एकदा सगळं जुळवून पाहा. कुसू सैल असेल तर त्याच्या गालाला सागाचा पातळ पापुद्रा चिकटवून जाड करा. फट गोंदाने भरून निघत नाही, गोंद फक्त टेकलेल्या दोन पृष्ठभागांनाच धरतो. सरस वापरायचा असेल तर तो रात्रभर पाण्यात भिजवून दुसऱ्या भांड्यातल्या गरम पाण्यात ठेवून पातळ करतात. थेट आचेवर उकळला की त्याचा जोर जातो. घाईच्या माणसाला फेव्हिकॉलही चालेल, पण लाकूड पूर्ण स्वच्छ हवं आणि मग पुढच्या वेळी सोडवताना त्रास होणार हे मान्य करायला हवं. क्लॅम्प नसतील तर चारही पायांभोवती सुतळीचे दोन वेढे घेऊन मधे काठी घालून पीळ द्या, कडांना कागदाचे पुठ्ठे ठेवा. पीळ दिल्यावर बैठकीचे दोन्ही कर्ण टेपने मोजा. फरक असेल तर जो कर्ण लांब आहे त्याच्या दोन टोकांना दाबून सारखा करा आणि खुर्ची सपाट फरशीवर ठेवा. हे मोजमाप राहून गेलं की चौथा पाय जन्मभर अधांतरी. चोवीस तास हात लावायचा नाही.

टेबलाच्या फळ्याला पडलेली लांब भेग सुतार लांबी (पुट्टी) भरून बुजवतो. ती पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा उघडते. कारण भेग फळ्यात असली तरी दोष खाली असतो. लाकूड रुंदीत हालतं, तीन फूट रुंद फळा पावसाळा आणि उन्हाळा मिळून चार-पाच मिलिमीटर सहज फुगतो-आकसतो. जुने सुतार फळा खाचेत सरकणाऱ्या लाकडी ठोकळ्यांनी धरत. मधे कुणीतरी तो चारही बाजूंनी स्क्रूने जखडलेला असतो. आधी ते स्क्रू काढा. नाहीतर निदान त्यांची भोकं फळ्याच्या रुंदीच्या दिशेने लांबट करा. मग भेगेत सागाचीच निमुळती पाचर चिकटवा, तीही पावसाळा संपल्यावर.

पॉलिशचं म्हणाल तर ‘उतरवायचं की नाही’ हे ठरवण्याआधी ते कोणतं आहे हे पाहावं. आडोशाच्या जागी स्पिरिटचा बोळा अर्धा मिनिट धरा. चिकट झालं तर चपडा. स्पिरिटला दाद देत नाही, पण थिनरने मऊ पडतं तर लॅकर. दोन्हींना जुमानत नाही तर मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन), आणि ते घासूनच निघणार. चपडा निघाला तर अर्धी लढाई जिंकली. बहुतेक वेळा जे ‘पॉलिश गेलं’ वाटतं ते वर्षानुवर्षांचं मेण, तेल आणि धूळ असते. कोमट पाण्यात किंचित साबण, घट्ट पिळलेलं फडकं, लगेच कोरडं पुसणं, एवढ्यानेच निम्म्या वस्तू उजळतात. उरलेल्यांना चपड्याचे नवे हात द्यायचे. नवा हात जुन्या थरात विरघळून एकजीव होतो, हेच चपड्याचं वैशिष्ट्य.

चपडा म्हणजे लाखेचे पापुद्रे. पळस-कुसुमाच्या फांद्यांवर लाखेचा किडा वाढवणं गोंदियाकडच्या गावांना नवं नाही. 1 लिटर स्पिरिटला 200 ग्रॅम चपडा काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या बरणीत घालून रात्रभर ठेवा, मधूनमधून हलवा, सकाळी मलमलच्या फडक्यातून गाळा. लोखंडी डब्यात ठेवला तर काळवंडतो. बरणीवर तारीख लिहा. सहा महिन्यांपेक्षा जुनं द्रावण वाळतच नाही, चिकट राहतं, आणि मग दोष पॉलिशवाल्याच्या हाताला दिला जातो. लाकूड उघडं असेल तर 120, 180, 240 या क्रमाने पॉलिश पेपर, नेहमी रेषेच्या दिशेने. आडवा मारलेला एक ओरखडा पॉलिशनंतर दहापट दिसतो. काळे लोखंडी डाग असतील तर 1 लिटर कोमट पाण्यात 50 ग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिड विरघळवून, हातमोजे घालून, डागापुरतं न लावता अख्ख्या फळ्याला लावा. नाहीतर डागाच्या जागी फिकट चट्टा राहतो. नंतर दोन-तीनदा साध्या पाण्याने धुवायलाच हवं. न धुता घासलं तर त्याची पूड नाका-घशाला झोंबते.

मग कापसाची बोळी मलमलच्या फडक्यात गुंडाळून, द्रावण आत भिजवून, दाबल्यावर जेमतेम पाझरेल इतकी ओली करून हात द्यायचे. बोळी चालू असतानाच लाकडावर टेकवायची आणि चालू असतानाच उचलायची. मधे थांबली की खालचा थर उचकटतो. तो उचकटलेला ठसा ओल्यावर दुरुस्त करायला जाऊ नये, दुसऱ्या दिवशी 320 च्या पेपरने हलकेच सपाट करावा. बोळी अडखळू लागली तर तळाला अळशीच्या तेलाचा एकच थेंब. एका दिवसात तीन-चार हात, मग रात्रभर विश्रांती, असे एकूण दहा-बारा पातळ हात. शेवटच्या दोन हातांना द्रावणात तेवढंच स्पिरिट घालून ते पातळ करतात. पावसाळी हवेत हे काम करू नये. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर हवेतली ओल बसते आणि पांढुरकी झाक येते. आलीच तर कोरड्या दिवशी नुसत्या स्पिरिटने जेमतेम ओलसर केलेलं फडकं भरभर फिरवलं की बहुतेक वेळा जाते. काम चालू असताना जवळ गॅस, निरांजन, उदबत्ती काही नको. तेलाचे बोळे चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत, ते आपोआप पेट घेऊ शकतात. दोरीवर पसरून वाळवावेत.

वस्तूवर आधीच ऑइलपेंट असेल तर एक धोका लक्षात घ्या. घरगुती रंगांतल्या शिशाचं प्रमाण दशलक्ष भागांत 90 भागांवर आणणारा नियम देशात 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या पाळण्यावर, खिडकीवर, लहान मुलांच्या पलंगावर शिसं असू शकतं असंच धरून चालावं. कोरडं घासणं आणि गरम हवेच्या गनने जाळणं दोन्ही टाळा. पाणी मारून वॉटरपेपरने घासा, एन-95 मास्क लावा, मुलं आणि गरोदर बाई घरात असतील तर काम बाहेर करा, चोथा ओल्या फडक्यानेच गोळा करा. कॉस्टिक सोड्याने रंग झटपट निघतो खरा, पण साग काळा पडतो आणि सांध्यांतला सरसही निघून जातो. ‘कुंडात बुडवून देतो’ म्हणणाऱ्याकडे खुर्ची देऊ नये.

वेताबद्दल थोडं सविस्तर, कारण सगळ्यांत जास्त खुर्च्या इथे मारल्या जातात. बैठकीच्या चौकटीला अर्ध्या-अर्ध्या इंचावर आरपार भोकं असतील तर ती हाताने विणायची खुर्ची. भोकांऐवजी सलग खाच असेल तर ती तयार जाळी दाबून बसवायची. भोकांच्या चौकटीवर तयार जाळी चुकांनी (बारीक खिळ्यांनी) ठोकून वर पट्टी मारणं हा सध्याचा सोपा मार्ग आहे. काही महिन्यांत जाळी निसटते आणि चुकांमुळे दोन भोकांमधलं लाकूड चिरतं. मग चौकटच बदलावी लागते.

हाताची वीण सात टप्प्यांची. पहिला उभा पदर, त्यावर आडवा, पुन्हा उभा किंचित उजवीकडे, मग चौथा आडवा पदर वरखाली विणत, त्यानंतर दोन तिरके, एकमेकांना छेदणारे, आणि शेवटी कडेची पट्टी. एका मध्यम बैठकीला अडीचशे ते तीनशे फूट वेत लागतो. कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं भिजवलेला पुरे. तासन्‌तास भिजवला तर काळसर पडतो. गुळगुळीत बाजू नेहमी वर. पहिले तीन पदर ओढून ताणायचे नाहीत, चौथ्यापासून वीण स्वतःच ताण घेते. सुरुवातीलाच ताणलं तर तिरके पदर शिरत नाहीत आणि ओढताना तुटतात. विणून झालेली बैठक वाळल्यावर डफासारखी वाजली पाहिजे. अंध कारागिरांनी हे काम आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या केलं आहे. बोटांनी ताण ओळखणारा असा हात मिळाला तर त्याच्याशी घासाघीस करू नका. प्लॅस्टिकची वेतासारखी पट्टी स्वस्त पडते, पण ती वाळून आवळत नाही, एकदा सैल झाली की सैलच. खऱ्या वेताची बैठक नुसती खाली झुकली असेल, तुटली नसेल, तर नवी विणायची गरज नाही. खुर्ची उलटी करून खालच्या खरखरीत बाजूला गरम पाण्याचं फडकं वीस मिनिटं ठेवा, सावलीत वाळू द्या. बरीचशी ओढून घेते.

लोखंडी कपाटांबद्दल एवढंच: जुन्या गोदरेजचं दार लागत नसेल तर कुलूप फोडण्याआधी फरशी तपासा. साडेसहा फूट उंच, तीन फूट रुंद खोका एका कोपऱ्याने पाव इंच खाली बसला की दार तिरकं होऊन दांडे अडकतात. पुढच्या कोपऱ्याखाली पत्र्याचा तुकडा सरकवला की बहुतेक वेळा काम होतं. घेताना तळ पाहा. फरशी पुसतानाचं पाणी तळाशीच मुरतं आणि गंज तिथूनच वर चढतो. पार्टिकल बोर्डाचं जुनं काही घेऊ नका. त्यात स्क्रू एकदाच धरतो, आणि ओल लागून फुगलेली कड परत बसत नाही.

घरातून ऑनलाइन विकताना किंवा घेताना एक सावधगिरी. ‘पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा’ म्हणणारा खरेदीदार भामटाच समजा. क्यूआर पैसे देण्यासाठी स्कॅन करतात, घेण्यासाठी नाही. आणि पैसे देण्याआधी जिन्याचं वळण आणि लिफ्टचं दार मोजा. पलंगाचं डोकं तिरकं करून वळतं, अख्खं सागवानी कपाट वळत नाही. जुनी मोठी कपाटं पुष्कळदा पाचरींवर उभी असतात आणि माथा, तळ, बाजू वेगळ्या होतात. पाचर शोधा, करवत नको.

महापालिकांना एक विनंती. दिवाळीआधी मोठं सामान उचलायच्या मोहिमा निघतात तेव्हा लाकडी वस्तू गाडीवरच फोडतात. क्षेत्रीय कार्यालयाच्या आवारात त्या दोन दिवस वेगळ्या ठेवून सुतार आणि नागरिकांना नेऊ दिल्या तर गाडीचा एक फेरा वाचेल आणि खुर्च्याही. आपल्या पुरवण्यांतही ‘रंग मारा’च्या आधी ‘स्पिरिटने तपासा’ ही एक ओळ यावी.

यंदा पाऊस लांबला तर पॉलिशही लांबवा. दसऱ्यापर्यंत सांधे उरकावेत, चपडा ऑक्टोबरच्या कोरड्या उन्हासाठी ठेवावा. दिवाळीच्या पाहुण्यांना खुर्चीवर खुशाल बसू द्या. टेबलावर मात्र महिनाभर गरम चहाचा कप बशीशिवाय ठेवू देऊ नका. चपडा वाळतो लवकर, पण कडक व्हायला त्याला तेवढा वेळ लागतो.

आपला,
जुनं फर्निचर दुरुस्त करणारा एक वाचक, पुणे